खिळा

कॉटन ग्रीनला, रेशन दुकानाच्या वरच्या खोलीत
सात संगणक. चालतात पाच.
सहाव्याचा कीबोर्ड धड, सातव्याची स्क्रीन,
म्हणून ते दोघं मिळून एक.
शनिवारी साडेसहाला मी कुलूप काढते.
जिन्यात रॉकेलचा वास अजून आहे, रॉकेल नाही.

पहिल्याच दिवशी विचारलं, वेबपेज म्हणजे काय?
झुलेखा म्हणाली, "जिथे फॉर्म भरायचा असतो."
सिप्रियान म्हणाला, "जे माझं नाव घेत नाही."
पेडणेकर काका गप्प.
गिरगावच्या छापखान्यात एकतीस वर्षं जुळारी होते,
माऊस त्यांनी असा धरला
जसा कोणी दुसऱ्याचा चष्मा धरतं.

मी सांगितलं, हे यंत्र हुशार नाही, आज्ञाधारक आहे.
"तसं नव्हतं म्हणायचं मला"
हे वाक्य त्याला कळतच नाही.
लिहाल तेवढंच.
"माझ्या सासूसारखं?" वैजयंता.
छे, सासू न लिहिलेलंही वाचते.

मग टोकदार कंस. उघडलं की मिटायचं,
मिटताना तेच नाव, आधी एक तिरकी रेघ.
कपाटात पेटी, पेटीत डबी, डबीत कुड्या:
लावताना आधी डबी, मग पेटी, मग कपाट.
"आणि किल्ली कुणाकडे?"
पुढच्या शनिवारी सांगते, म्हटलं.
(मला तेव्हा माहीत नव्हतं.)

झुलेखाने लिहिलं:
अम्मीकडे फॉल-पिको, परकर शिवून मिळतील.
पडद्यावर आले चौकोन, प्रश्नचिन्हं, कुठली कुठली चिन्हं.
"आपली भाषा चालत नाही का यात?"
चालते. पण सगळ्यात वर एक ओळ लागते,
ही कुठल्या अक्षरांची वस्ती आहे ते सांगणारी.
न सांगितलं, तर ते दुसरीच कुठली तरी धरून चालतं.
तिने ती ओळ वहीत उतरवली,
खाली दोनदा रेघ मारली
आणि पिको, हळूहळू, पिको झालं.

वैजयंताच्या पानाची तऱ्हा वेगळी.
शीर्षक मोठं हवं होतं, ते झालं.
त्याखालचा पत्ताही मोठा. वेळही मोठी.
"रविवारी बंद" तर खिडकीबाहेर ऐकू जाईल इतकं.
मी दहा मिनिटं शोधलं. मला सापडेना.
पेडणेकर काका उठले,
चष्मा कपाळावर सारला
आणि पान वाचायला लागले खालून वर,
एकेक अक्षर, बोट न लावता.
जन्मभर उलटी अक्षरं वाचलेला माणूस.
"इथे खिळा पडलाय," म्हणाले.
तिरकी रेघ.
वैजयंताने मिटायच्या जागी पुन्हा उघडलं होतं.
रेघ घातली. पान गप्प झालं.

त्या दिवशी त्यांना कळलं, कुठलंही पान उलटं करून बघता येतं.
राईट क्लिक, आणि मागची बाजू.
मग ते थांबेनातच.
बँकेचं, पंचांगाचं, कुठल्याशा साबणाचं.
साबणाच्या पानाला म्हणाले, "फार खर्चिक जुळणी."

सिप्रियानने हळूच तो फॉर्म उघडला.
चार वर्षं तो त्याला लाल अक्षरांत सांगायचा,
नाव अवैध.
D'Mello. मधे वर टांगलेला एक स्वल्पविराम,
आजोबांकडून आलेला.
आम्ही पाचही जण मागची बाजू वाचत गेलो
आणि ती ओळ सापडली:
ए ते झेड, मोकळी जागा. बाकी काही नको.
बस, एवढंच.
कुणीतरी एका दुपारी लिहिली असेल,
त्याच्या ओळखीत डिमेलो नसतील.

"म्हणजे नाव बरोबर आहे?"
नाव बरोबर आहे.
"आणि हे बदलता येईल?"
इथून नाही. किल्ली त्यांच्याकडे.
वैजयंताने माझ्याकडे बघितलं.

सिप्रियानने ती ओळ वहीत उतरवून घेतली,
कंसासकट, न समजलेल्या चिन्हांसकट.
काकांनी दोनदा पडताळली.
मग त्याने वर कार्यालयाचं नाव लिहिलं, तारीख घातली,
खाली सही केली
आणि तो स्वल्पविराम
जरा जास्तच वर टांगला.